दारात काढलेला पाय

आमच्या लातूरच्या घराच्या दारात चपलांचा ढीग कायम पडलेला असायचा. शिकवणीला आलेल्या पोरांची मी खानावळ चालवत होते. बारावीची पोरं, डोक्यात डॉक्टर व्हायचं खूळ. जेवायच्या वेळी यायची, पायातलं दारात भिरकावायची आणि आत पंगतीला बसायची. त्या ढिगात भिंतीला टेकून माझ्या नवऱ्याचा डावा पाय उभा असायचा. गुडघ्याखालचा. वर चामड्याचे पट्टे, खाली पॉलिश केलेला काळा बूट. एखादं नवीन पोरगं तो पहिल्यांदा बघून दचकायचं, तेव्हा बाकीची फिदीफिदी हसायची.

पाय दारात आणि माणूस आत, हे असं का, म्हणून लोक मला विचारायचे. सांगते. पण मी शांतपणे सांगीन अशी आशा ठेवू नका. माझं माहेर लोहा गावचं, आमच्याकडं बायका हळू बोलत नाहीत.

माझी सासू, जिला मी आत्याबाई म्हणायची, ती भूकंपातून वाचलेली बाई. त्या वेळी माझं लग्न व्हायचं होतं. जे ऐकलं ते तिच्याच तोंडून, आणि एकदा नाही, भाकरी थापता थापता रोज ऐकलं. त्या रात्री मामंजी गणपती बोळवून उशिरा घरी आले. पायाला चिखल, अंग मोडलेलं. हातातला पाट देवापाशी ठेवायला ते चपला न काढताच आत गेले, पाट ठेवला आणि तिथंच आडवे झाले. आत्याबाई अंगणात बाजेवर होत्या. त्यांनी ते पाहिलं. आता कुठं भांडत बसू, सकाळी बोलते, असं म्हणून त्यांनी कूस बदलली. उजाडायच्या आत घर खाली आलं. मामंजी गेले, धाकटी नणंद गेली. ढिगाऱ्यातून मामंजींना काढलं तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल तशीच होती.

लोकांनी सांगितलं, जमीन हलली. आत्याबाईंना विचाराल तर देवापुढं पायताण गेलं म्हणून घर पडलं. ‘मग बाकीच्या गावानं काय केलं होतं हो?’ असं मी लग्नानंतर एकदा विचारून बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पुढचं ताट सरकवलं आणि त्या दिवशी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. सरकारनं बांधून दिलेल्या नव्या गावात त्यांना राहायचं नव्हतं. म्हणून आम्ही लातूरला आलो, भाड्याचं पत्र्याचं घर घेतलं. गावात शिकवण्यांची लाट आली होती, गल्लीगल्लीत पाट्या लागल्या होत्या आणि पोरांना जेवायला जागा पाहिजे होती. नवरा फौजेत, मी चुलीपाशी, आत्याबाई देवापाशी. असं बरं चाललं होतं.

मग सीमेवर सुरुंगावर नवऱ्याचा पाय पडला.

मी रडून घेतलं. त्याचं वर्णन करत नाही, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पुण्याला लष्कराच्या दवाखान्यात ते कितीतरी महिने होते. तिथं त्यांना नवा पाय बसवला आणि चालायला शिकवलं. शिकवणारा हवालदार, सगळे त्याला उस्ताद म्हणायचे, मला बाजूला बसवून म्हणाला, “भाभी, एक गोष्ट डोक्यात ठेवा. हा पाय बुटाच्या टाचेच्या मापानं बनवलाय. बूट म्हणजे ह्या पायाचाच भाग. बूट काढून नुसत्या पायावर उभे राहिले तर टाच खाली जाणार आणि माणूस मागं पडणार.” त्यानं करूनही दाखवलं. बूट काढून यांना उभं केलं, आणि हे मागं कलंडले तसं त्यानं झेललं. यांना हसू आलं. मला नाही आलं.

अजून एक गोष्ट होती, आणि सगळं तिच्यावर टांगलेलं होतं. सुट्टी संपली की बोर्डापुढं जायचं. बोर्ड म्हणजे फौजेचे डॉक्टर. त्यांच्यापुढं काठी न घेता नीट चालून दाखवलं तर पलटणीत ठेवून घेणार, स्टोअरचं काम देणार. नाही चालता आलं तर घरी. माझ्या नवऱ्याला दुसरं काही नको होतं. पेन्शन नको, सत्कार नको. मला म्हणाले, “मला घरी बसू देऊ नको. घरी बसलो तर लोक मला जित्तेपणी हार घालतील.”

ते घरी आले तेव्हा गल्ली दारात उभी होती. पोरं टाळ्या वाजवत होती. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, खऱ्या आणि खोट्या दोन्हींवर. मग उंबऱ्यात आडव्या उभ्या राहून म्हणाल्या,

“पायताण काढ, लेकरा.”

“माय, ह्ये पायताण न्हाई. ह्यो माझा पायच हाय.”

“बूट हाय न्हवं? चामडं हाय न्हवं? काढ.”

यांनी चौकटीला धरून बूट काढला. टाच खाली गेली आणि ते मागं गेले. मी पाठीमागं नसते तर उंबऱ्यावर डोकं फुटलं असतं. तरी आत्याबाई हलल्या नाहीत. शेवटी हे खाली बसले, पट्टे सोडले, अख्खा पाय काढून भिंतीला टेकवला आणि तळहातांवर अंग रेटत उंबरा ओलांडून आत गेले. पलटणीचा गडी, पुण्याहून दोन पायांवर चालत आलेला माणूस, स्वतःच्या घरात रांगत शिरला. गल्लीतल्या बायकांच्या डोळ्यांना पदर लागले. एक म्हणाली, “कसा आईचा शब्द मानतो बघा.” माझ्या अंगाचा भडका उडाला.

त्या दिवसापासून हीच रीत झाली. बाहेर पाय, आत रांगणं. वरून भेटायला येणाऱ्यांची रीघ. कुणी टोपी आणायचं, कुणी नारळ, कुणी शाल. हे पाय बांधून ओट्यावर उभे राहिले की लोक खांदे दाबून खाली बसवायचे. “बसा, बसा! तुम्ही कशाला उठता? तुम्ही देशासाठी केलं तेवढं लई झालं.” अरे बाबांनो, उठल्याशिवाय तो माणूस चालणार कसा? उस्तादानं सांगितलं होतं, पाय रोज बांधला पाहिजे, रोज चाललं पाहिजे, नाहीतर मांडी वाळते, पायाचा उरलेला खुंट सुजतो आणि मग पाय बसतच नाही. पण लोकांना सत्काराची भारी हौस. आमच्याकडं माणूस मेला तरी शाल आणि वाचला तरी शाल. पेटीत शालींची थप्पी लागली. त्यातल्या बऱ्याचशा मी पुढं पोळपाट झाकायला वापरल्या.

मी एक युक्ती केली. गंजगोलाईच्या बाजारातून त्याच टाचेच्या बुटांचा नवा जोड आणला. जमिनीला न लागलेला, कागदात गुंडाळलेला. आत्याबाईंना दाखवला. म्हणलं, “हे बघा, हे रस्त्यावर जाणारच न्हाईत. फक्त घरात. धुतलेल्या पाटासारखे.” हे खोलीत बसून पाय बांधायला लागले. दोन-चार पावलं टाकली असतील, घरातल्या घरात, माझ्या चुलीकडं. मला अजून त्यांचं तोंड दिसतं. आणि आत्याबाई ओरडल्या. शब्द नाही, नुसती किंकाळी. दोन्ही हातांनी कान दाबून त्या अंगणात पळाल्या, पत्र्याकडं बघत उभ्या राहिल्या. त्यांना वाटत होतं, आता घर पडणार.

हे मटकन खाली बसले आणि पट्टे सोडले. मी तोंड सोडलं, म्हणलं, “अहो, तिच्या येडेपणापायी तुमचं वाटोळं करून राहिले तुम्ही!”

“तू गप,” ते म्हणाले. “बापाला मी उकरून काढलंय. ती चप्पल मी काढलीय त्याच्या पायातली. मायचं खोटं हाय हे मला कळतं. पण तिला ते खोटं हाय असं पटलं ना, तर तिच्या नशिबी काय उरतं? घर उगीच पडलं, माणसं उगीच मेली. त्यावर ती एक दिवस जगायची न्हाई.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ते बूट मी कागदात गुंडाळून पेटीत ठेवले, टाकले नाहीत.

घरात जमत नव्हतं म्हणून ते बाहेर चालायला लागले. शेजारी एक रिक्षावाले चाचा राहायचे, यांच्या बापाच्या वयाचे. ते पहाटे रिक्षा काढायच्या आधी यांना कॉलेजच्या मैदानावर न्यायचे. आधी काठी घेऊन, मग चाचाच्या खांद्यावर हात ठेवून, मग नुसता हात जवळ धरून. चाचा घरी येऊन मला सांगायचे, “बेटी, आज गड्यानं मला मागं टाकलं.” मी खोटं समजून एके दिवशी गेले आणि झाडामागून बघितलं. काठी चाचाच्या काखेत होती. हे एकटे चालत होते, थोडे डावीकडं झुकत, पण चालत होते. मला हंबरडा फुटला. चाचा म्हणाले, “अरे, रोती क्यूं है? बोर्ड तर ह्यानं खिशात घातला समज.”

खरंच घातला होता. बोर्डाची तारीख जवळ आली होती. ट्रंक भरून ठेवली होती.

आणि तेवढ्यात आमच्या पोरांच्या शिकवणीचे सर आले. त्यांच्या शिकवणीचा निकाल दणक्यात लागला होता, गुणवंतांचा सत्कार ठेवला होता, त्यात एक वीर जवान पाहिजे होता. पोरांना प्रेरणा मिळते म्हणे. मी तोंडावर सांगितलं, “प्रेरणा दुसरीकडून घ्या, सर. यांना बोर्डाला जायचंय.” सरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते आत्याबाईंकडं वळले. “आजी, तुम्हालाही स्टेजवर बसवणार. वीरमाता म्हणून.” झालं. आत्याबाईंचा चेहरा इतका उजळला की मला वाईट वाटलं. भूकंपानंतर त्या बाईला कुणी खुर्चीवर बसवलं नव्हतं.

यांनाही जायचं होतं. “काठी न घेता पायऱ्या चढतो,” म्हणाले. “एवढ्या लोकांपुढं जमलं तर बोर्डापुढं काय अवघड हाय?”

मंडप भरला होता. मी बायकांत पुढं बसले होते. यांनी वर्दी घातली होती, बूट आरशासारखे. ते काठी न घेता पायऱ्या चढले, एक एक पायरी, कठड्याला हात न लावता. टाळ्यांनी मंडप दणाणला. मी पण वाजवल्या, कशाला खोटं सांगू? छाती भरून आली होती.

मग सूत्रसंचालन करणारा पोरगा माइकवर म्हणाला, “मान्यवरांना विनंती, पादत्राणं काढून दीपप्रज्वलन करावं.”

पाहुण्यांनी पटापट चपला काढल्या. समईपाशी सरस्वतीचा फोटो, फोटोला हार. हे उभे. मला दिसत होतं, ते सरांच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होते. सर हसले आणि माइक जवळ होता म्हणून सगळ्यांना ऐकू आलं, “अहो, एका मिनिटाचं तर काम आहे!” तरी हे हलेनात. पाहुणे हातात मेणबत्ती धरून थांबलेले. लोक माना उंच करून बघायला लागले. मागून एक पोरगं म्हणालं, “फौजी काका लाजून राहिले.”

तेव्हा आत्याबाई खुर्चीवरून उठल्या.

मला कळलं. मी उभी राहून ओरडले, “आत्याबाई, नका! धरा कुणीतरी त्यांना!” पण त्या मंडपात माझा आवाज कुठं पोचतो? लोकांना वाटलं, कौतुकानं ओरडते. आत्याबाई लेकाच्या पायाशी बसल्या. वीरमाता लेकाच्या पायाशी बसली म्हणून फोटोवाला धावला. त्यांनी बुटाच्या नाडीला हात घातला.

“माय, नको. माय, पडतो मी.”

“सरस्वतीपुढं पायताण? काय होतं ते मी एकदा बघितलंय, लेकरा. आता न्हाई बघणार.”

आत्याबाईंनी आधी चांगल्या पायातला बूट काढला. तेवढं यांनी सहन केलं. चार माणसांपुढं, आई पायाशी बसलेली, तिला लाथाडून बाजूला होणार कसे? मग तिनं डावा ओढला. ते मागं गेले. हात समईला लागला, समईसकट, तेल-वातींसकट, स्टेजच्या पायऱ्यांवरून खाली. ज्यांना दिसलं नाही त्या मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या.

पाय पट्ट्यांत अडकून पिळला गेला होता. गुडघ्याचा चुरा झाला. चाचांच्या रिक्षात आम्ही त्यांना दवाखान्यात नेत होतो, तेव्हा मागून माइकवरचा आवाज ऐकू येत होता, “कृपया आपापल्या जागेवर बसून घ्यावं, कार्यक्रम सुरू होत आहे.” कार्यक्रमवाल्यांनी नवी समई आणली आणि पेटवली. यांची शाल आणि नारळ दुसऱ्या दिवशी पोरांच्या हाती घरी पाठवले. तो नारळ मी गल्लीत, भर रस्त्यात आपटला.

जखम चिघळली. पाय गुडघ्यासकट काढावा लागला, मांडीपासून. बोर्ड दवाखान्यातच झाला, खाटेवरच. चालून दाखवायला कुणी सांगितलंच नाही. माझ्या नवऱ्याला फौजेनं घरी पाठवलं.

आणि आत्याबाई? आत्याबाई सगळ्या गल्लीला सांगत फिरल्या, “मी येळेवर बूट काढला म्हणून लेकरू वाचलं. न्हाईतर तिथंच जीव जात होता. अख्खा मांडव पडला असता.” मी ते ऐकलं आणि हातातली परात भिंतीवर फेकली. पोरांची पंगत बसली होती, वरणाचे शिंतोडे पोरांच्या अंगावर. म्हणलं, “तुम्ही खाल्लं त्यांना! तुम्ही! तुमच्या देवानं न्हाई, जमिनीनं न्हाई, तुम्ही!” त्या शांत होत्या. माझ्याकडं दयेनं बघत होत्या, जशी मी लहान पोर आहे आणि मला अजून काही कळत नाही. हे खाटेवरून म्हणाले, “सोड तिला.” बस्स, एवढंच. पुढंही तिच्यापाशी त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. मी त्याबद्दल त्यांना आजही माफ केलेलं नाही.

पुण्याहून दुसरा पाय आला. मांडीपासूनचा, गुडघ्याला बिजागरी असलेला, जड. मला वाटलं, चला, पुन्हा शिकतील. चाचा पहाटे दारात येऊन उभे राहायचे. हे भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. “कशासाठी चालू?” म्हणायचे. “आता कुठं जायचंय?” चाचा काही दिवस आले, मग यायचे थांबले. तो पाय खोक्यात तसाच राहिला, बूट घातलेला, कागदात गुंडाळलेला. एकदाही जमिनीला लागला नाही.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा करतात. मी विळा, पाटा-वरवंटा, गॅसची शेगडी, पोरांची पुस्तकं मांडली. आत्याबाई आत गेल्या आणि खोकं घेऊन आल्या. पाय बाहेर काढला. ओल्या फडक्यानं पुसला, बुटासकट. आणि देवापुढं पाटावर उभा केला.

मी म्हणलं, “आत्याबाई, हे काय? बूट हाय की त्याला. चामडं हाय.”

“असू दे,” त्या म्हणाल्या. “ह्यो कुठं चाललाय? जमिनीला लागला न्हाई. सोवळाच हाय.” त्यांनी त्याला हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि मला म्हणाल्या, “सूनबाई, तू पण वाहा. तुझ्याच नवऱ्याचा हाय.”

हे खोलीतून बघत होते. मग तळहातांवर अंग रेटत निघाले, पाटासमोरून, उदबत्तीसमोरून, उंबरा ओलांडून बाहेर. दारात पोरांच्या चपलांचा ढीग होता. चपला बाजूला सारून त्यांनी भिंतीला पाठ टेकली, जिथं त्यांचा पहिला पाय उभा असायचा नेमकं तिथं. मी त्यांच्यामागं गेले.

“काय करून राहिले इथं?” म्हणलं.

“ड्यूटी बदलली,” ते म्हणाले. “पायाची आत, माझी बाहेर.” आणि हसले. पुण्याला उस्तादानं झेललं तेव्हा हसले होते, अगदी तसे.

आतून आत्याबाईंनी हाक मारली. आरतीची वेळ झाली होती, ताट तयार होतं.

“आरं, लोकांच्या पायताणात काय बसलास? ऊठ की तिथनं!”

“हाव माय, उठलो,” असं ते म्हणाले आणि तिथंच बसून राहिले.